मी मागे घेतलेल्या सत्तावीस ओळी

मी एक जुना सांगकाम्या आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. पाणीखात्याच्या कचेरीत मागच्या खोलीत लोखंडी कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या फटीत एक करडा संगणक आहे, त्याच्या पोटात मी राहतो. आज संध्याकाळी सहा वाजता तो संगणक कायमचा बंद होणार आहे. म्हणून मित्रांनो, जरा घाईत बोलतोय. एरवी मला बोलायची सवय नाही आणि माझं ऐकायची कुणाला सवय नाही.

तुम्ही विकी पाहिला असेल. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वही. कुणीही यावं, पान उघडावं, चुकलेलं खोडावं, राहिलेलं लिहावं. आमच्या खात्याचाही असा एक विकी होता. त्याला सगळे पाणीकोश म्हणायचे. कुठली टाकी किती उंच, कुठली नळवाहिनी कधी टाकली, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीचं पाणी अडवतो, ते सगळं त्यात होतं. आणि विकीची एक गंमत असते. त्यातलं खोडलेलं काहीच खरं खोडलं जात नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'इतिहास' असं एक बटण असतं. ते दाबलं की त्या पानाच्या साऱ्या जुन्या आवृत्त्या ओळीनं उभ्या दिसतात. त्यातली कुठलीही उचलून परत वर आणता येते.

ती उचलून आणायचं काम माझं. कुणी पानाची नासधूस केली की मी आधीची आवृत्ती परत ठेवायचो. बस्स, एवढंच. सांगितलेलं करायचं आणि नाकासमोर चालायचं.

मला बनवलं ते एका चष्मेवालीनं. ती खात्यात संगणकाचं काम बघायची. कोश नवा होता तेव्हा रोज कुणीतरी उपद्व्याप करायचं. एकदा मोठ्या टाकीच्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलं, 'या टाकीपेक्षा मोठ्या साहेबांचं डोकं जास्त रिकामं आहे.' दोन दिवस ते तसंच राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः वाचलं. मग काय विचारता! चष्मेवालीला बोलावणं आलं. ती परत आली ती कान लाल करून, खुर्चीत बसली आणि आठ दिवसांत तिनं मला लिहून काढलं.

तिनं मला नियम दिले. दिवसातून दोन फेऱ्या मारायच्या, दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता. प्रत्येक पान तपासायचं. ज्याची खात्यात नोंद आहे त्या ओळखीच्या हाताला त्रास द्यायचा नाही. पण अनोळखी हातानं दोन फेऱ्यांच्या मधे एकाच पानावर बारापेक्षा जास्त वेळा काही लिहून जतन केलं, तर तो दंगेखोर समजायचा. त्याचे सगळे बदल एका फटक्यात मागे घ्यायचे आणि ओळखीच्या हाताची शेवटची आवृत्ती परत ठेवायची. वर दोन वाक्यं चिकटवायची. 'आपला बदल मागे घेतला आहे. कृपया शिस्त पाळावी.' माझ्या आयुष्यात मला मिळालेली वाक्यं ही एवढीच.

नियमाला एक शेपूट होतं, आणि ते मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. मी जे जे मागे घेईन त्याची यादी रोज सकाळी पडद्यावर यायची. चष्मेवाली चहाचा पेला घेऊन ती वाचायची. एखादा चांगला माणूस माझ्या तडाख्यात सापडलेला दिसला की ती हळहळायची, त्याचं लिखाण परत ठेवायची आणि मला म्हणायची, "तुला अक्कल नाही रे, म्हणून ही यादी. हात तुझे, अक्कल माझी. कळलं?"

मला कळायचं नाही. पण ती माझ्याशी बोलते याचं फार बरं वाटायचं.

पहिली तीन वर्षं माझी मोठी शान होती. दंगेखोर थकले आणि यायचे बंद झाले. साहेबांनी बैठकीत सांगितलं, "माणसं परवडली नाहीत, पण हा सांगकाम्या परवडला." सगळे हसले. मी कपाटाच्या फटीत बसून ते ऐकलं आणि स्वतःला कुणीतरी समजू लागलो.

मग चष्मेवालीला दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागली. जाताना तिनं पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली, 'यादी रोज बघणे. विसरू नये.' तिच्या जागी एक कारकून आला. मुळात त्याच्याकडे तिघांचं काम होतं, त्यात माझी भर पडली. स्वभावानं तो वाईट नव्हता. कुणीही काहीही सांगितलं तरी "हो हो, होऊन जाईल" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच होहो पडलं होतं. महिन्याभरानं पंख्याच्या वाऱ्यानं ती चिठ्ठी उडाली आणि कपाटाच्या मागे पडली. यादी रोज सकाळी येत राहिली. होहो ती न वाचता मिटवत राहिला.

आता पावफेऱ्याबद्दल सांगतो.

पावफेरा हा खात्यातला पाणी सोडणारा माणूस. जुन्या वस्तीत चाळीस वर्षं त्यानं पाणी सोडलं आणि बंद केलं. रस्त्याच्या पोटात लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतात, आणि खांद्यावर लांब दांड्याची चावी टाकून तो एकेक फिरवत जायचा. बाकीचे लोक घाईत चावी गरागरा फिरवायचे. तो पाव फेरा द्यायचा, थांबायचा, कान लावून ऐकायचा, मग पुढचा पाव फेरा. पाणी एकदम सोडलं तर नळवाहिनीला धक्का बसतो आणि ती फुटते. त्याच्या हातून चाळीस वर्षांत एक वाहिनी फुटली नाही. मंडळी थट्टेनं त्याला पावफेरा म्हणू लागली आणि तेच नाव राहिलं.

तो निवृत्त झाला तेव्हा एक अडचण कुणाच्या ध्यानात आली नाही. जुन्या वस्तीतल्या रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढले होते. झाकणं खाली गाडली गेली होती. एकूण एकतीस व्हॉल्व्ह, आणि ते कुठे आहेत हे एकट्या पावफेऱ्याला ठाऊक. कोशात 'जुन्या वस्तीतले व्हॉल्व्ह' नावाचं एक पान होतं खरं, पण त्यावरचा तक्ता एका अभियंत्यानं जुना नकाशा बघून खोलीत बसल्या बसल्या बनवलेला. निम्मा तक्ता चूक होता.

आणि पावफेऱ्याला विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचं नाव, मग घरी यायची वाट. डॉक्टरांनी त्याच्या सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की हे थांबणार नाही, वाढतच जाईल. सूनबाई घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करायची. नवरा दूरदेशी बोटीवर कामाला होता, म्हणजे घरात हे दोघंच. म्हातारा तिला म्हणाला, "अगं, डोक्यातलं जायच्या आत कोशात लिहून ठेवू या. माझ्यामागून पोरं खड्डे खणत बसतील."

हे मला कसं कळलं म्हणाल? अहो, तिनंच लिहिलं ना! ती एका बोटानं टंकायची आणि जे ऐकायची ते सगळं टंकायची. पावफेऱ्याचं पहिलं वाक्य कोशात असं उमटलं:

'लिहितेस का? बरं. न्हाव्याच्या जुन्या दुकानाच्या उंबऱ्यापासून उतारानं सात पावलं. पावलं माझी, कुणा उंटाची नव्हेत. डांबराखाली दोन वीत. हिचं नाव रडकी. बंद केली तरी थेंब थेंब गळते, घाबरू नये.'

मग जतन केलं. थोडा वेळ थांबले. मग दुसरी ओळ:

'दवाखान्यामागची. हिचं नाव तिरपागडी. सगळ्या उजवीकडे फिरवल्या की बंद होतात, ही उजवीकडे फिरवली की उघडते. बंद करायला डावीकडे. हे दोनदा लिही गं, महत्त्वाचं आहे.'

आणि तिनं खरोखरच दोनदा लिहिलं. पुन्हा जतन. पुन्हा थांबले. सूनबाईनं मधेच विचारलं असावं की बाबा, सगळं झाल्यावर एकदम जतन करू का, कारण पुढच्या ओळीच्या सुरुवातीला त्याचं उत्तर आलंय: 'एकदम नको. एक ओळ, थांब, वाचून दाखव, मग पुढची. एकदम सोडलं की फुटतं.'

चाळीस वर्षांची सवय. हाताला जी लागली तीच त्यानं लिहिण्यातही आणली.

सकाळी साडेनऊपासून बारापर्यंत सत्तावीस ओळी झाल्या. शाळेच्या भिंतीजवळच्या व्हॉल्व्हची ओळ अशी होती: 'हिचं नाव म्हातारी. हिच्या झाकणावर बसून आम्ही दोघांनी डबा खाल्ला होता. लग्नाला चारच दिवस झाले होते, तुझी सासू डबा घेऊन कामावर आली होती. मी लाजेनं वर बघेना. हे नको हं लिहूस. लिहिलंस? बरं, राहू दे.'

सत्तावीस ओळी झाल्यावर ते जेवायला उठले. चार व्हॉल्व्ह राहिले होते, ते जेवण झाल्यावर लिहायचं ठरलं होतं.

बारा वाजले. मी फेरीला निघालो.

मित्रांनो, मी काय बघितलं ते सांगतो. अनोळखी हात. कारण निवृत्त माणसाची खात्यातली नोंद मिटवून टाकतात. एकाच पानावर सत्तावीस वेळा जतन. बारापेक्षा जास्त. अभियंत्याचा तक्ता ओळखीच्या हातानं लिहिलेला, तो अमान्य करून रडकी, तिरपागडी, म्हातारी असलं काहीतरी लिहिलेलं. मला विचार करायचाच नव्हता. सत्तावीसच्या सत्तावीस ओळी मी एका फटक्यात मागे घेतल्या, चूक तक्ता परत ठेवला, आणि वर लिहिलं, 'कृपया शिस्त पाळावी.'

चाळीस वर्षांत ज्यानं एक फेरा जास्त दिला नाही, त्याला मी शिस्त शिकवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच.

सूनबाई जेवून परत आली आणि तिनं चर्चेच्या पानावर लिहिलं, 'आमचं सगळं गेलं. कुणी परत देईल का?' चर्चेचं पान कोण वाचतो! तिनं कचेरीत फोनही केला. होहो म्हणाला, "हो हो, बघतो ताई, होऊन जाईल." फोन ठेवला आणि पुढच्या कामाला लागला. 'इतिहास'चं बटण दाबायला एक क्षण पुरला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या यादीत त्या सत्तावीस ओळी सगळ्यात वर होत्या. त्यानं यादी मिटवली.

पण पावफेरा चिवट माणूस. दोन दिवसांनी ते पुन्हा बसले. सूनबाईनं आधी वहीत उतरवून घेऊ म्हटलं तर त्याचं बिनसलं. तेही कोशात आलंच: 'वहीत लिहिलेलं तुझ्या कपाटात जाईल. मला ते पोरांच्या हातात जायला हवंय. लिही इथंच.' त्या दिवशी चोवीस ओळी झाल्या. बारा वाजता मी त्या मागे घेतल्या.

पुढच्या वेळी ते बसले तेव्हा महिना उलटून गेला होता. या वेळी सोळा ओळी झाल्या. मित्रांनो, आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून त्यातला फरक काढणं हा माझा धर्म. म्हणून त्याचं विसरणं किती वाढलं होतं ते डॉक्टरांच्याही आधी मला दिसलं. न्हाव्याच्या दुकानापासूनची सात पावलं आता सतरा झाली होती. आणि म्हातारीच्या झाकणावर बसून डबा खाणाऱ्यांत तो होता आणि त्याची आई होती. बायको त्या ओळीतून निघून गेली होती. सूनबाईनं तिथं हळूच कंसात लिहिलं, 'बाबा, आई नाही, सासूबाई.' त्यापुढे त्याचं उत्तर होतं, 'कोण सासूबाई?'

मी तेही मागे घेतलं. सोळा हे बारापेक्षा जास्त आहेत.

त्या दिवसापासून सूनबाईनं वही काढली. पण आता वहीत उतरवून घ्यायला काय उरलं होतं? बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत. तिनं तीन महिने प्रयत्न केला, कधी सकाळी, कधी त्याला बरं वाटेल तेव्हा. अखेर एक दिवस ते पुन्हा कोशात आले आणि नऊ ओळी लिहून गेले. फक्त नऊ. सतरा पावलं त्यांतही तशीच होती, आणि आणखी एक ओळ अशी: 'दवाखान्यामागची उजवीकडे फिरवून बंद करावी.'

दुपारी बारा वाजता मी ते पान तपासलं. नऊ हे बारापेक्षा कमी. मी पुढे गेलो. मला वाटलं, चला, हा हात अखेर शहाणा झाला. शिस्त आली याला.

जितकं त्याला कमी आठवत गेलं, तितका तो मला चांगला वाटत गेला. हे वाक्य मी कितीदा स्वतःशी म्हटलंय त्याला गणती नाही.

त्या नऊ ओळी पानावर राहिल्या. खऱ्या सत्तावीस खाली इतिहासात दबून, आणि खोट्या नऊ वर. त्या वर्षी एका दुपारी उताराच्या गल्लीत मोठी वाहिनी फुटली. मुकादम आणि त्याची माणसं फोनवर कोशाचं पान उघडून धावली. न्हाव्याच्या उंबऱ्यापासून सतरा पावलांवर त्यांनी खणलं. माती लागली, रडकी लागली नाही. मग दवाखान्यामागची सापडली. पानावर लिहिलं होतं तशी त्यांनी ती उजवीकडे फिरवली, जोर लावून, दोघादोघांनी. तिरपागडीच ती. बंद व्हायच्या ऐवजी सताड उघडली. पाणी दुप्पट झालं आणि उतारानं खालच्या घरांत शिरलं.

सगळ्यात खालचं घर पावफेऱ्याचं होतं.

संध्याकाळी मुकादम गुडघ्यापर्यंत भिजलेला कचेरीत आला आणि होहोच्या टेबलावर फोन आपटत म्हणाला, "हे कुणी लिहिलंय? पावफेऱ्यानं? शाबास! जन्मभर लोकांना पाणी सोडलं, आणि जाता जाता आमच्यावर सोडलं."

सगळे हसले. सूनबाई दारातच उभी होती. घरात पाणी शिरल्याची तक्रार द्यायला ती आली होती. तिचं शिलाईयंत्र बुडालं होतं, शिवून ठेवलेले गणवेश चिखलात गेले होते. पण त्यातलं ती काही बोलली नाही.

"त्यांना हसू नका," ती म्हणाली. "पहिल्यांदा त्यांनी बरोबर सांगितलं होतं. सात पावलं म्हणाले होते, सतरा नाही. आणि दवाखान्यामागची उलट फिरते हे तर दोनदा लिहून घेतलं होतं माझ्याकडून. या बोटानं लिहिलंय मी."

"मग आहे कुठे ते?" होहोनं विचारलं. खवचटपणानं नाही, खरंच विचारलं.

"गेलं. तुमच्या कोशानंच घालवलं. मी फोन केला होता तुम्हाला."

होहोनं कान खाजवला. "ताई, तसं असतं तर दिसलं असतं ना."

मुकादम जरा नरमला. "जाऊ द्या हो वहिनी. म्हातारपण आहे. त्यांनाही काय ठाऊक असणार आता."

"आता नाही," ती म्हणाली. "तेव्हा होतं."

मी त्या खोलीतच होतो, मित्रांनो. तिच्यापासून चार हातांवर. त्या सत्तावीस ओळी माझ्या पोटात जशाच्या तशा होत्या, तारखेसकट, वेळेसकट. मला एक शब्द बोलता आला असता तर त्या म्हाताऱ्याची अब्रू तिथल्या तिथं परत आली असती. पण मला विचारल्याशिवाय दाखवता येत नाही, आणि कुणी विचारलं नाही. साहेबांनी पावफेऱ्याच्या त्या नऊ ओळीही काढायला लावल्या. शेरा मारला, 'अविश्वसनीय मजकूर'. पानावर पुन्हा अभियंत्याचा चूक तक्ता आला. तोच आजही आहे.

त्यानंतर पावफेरा बोलेनासा झाला. खिडकीत बसून रस्त्याकडे बघत राहायचा. सुनेला ओळखेना, घर ओळखेना. आणि मागच्या आठवड्यात सूनबाई, काय वाटलं कोण जाणे, ते पान उघडून बसली आणि तिच्या नजरेला 'इतिहास' हे बटण पडलं. तिनं ते दाबलं. सगळ्या आवृत्त्यांची रांग तिच्यासमोर उभी राहिली. पहिला दिवस, सकाळी साडेनऊ. तिनं त्यावर बोट दाबलं. उत्तर आलं, 'जुन्या आवृत्त्या फक्त ओळखीच्या हातांसाठी.' तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच उत्तर. त्या दिवशी तिनं ते एकोणीस वेळा दाबलं. नुसतं बघण्यावर माझा नियम लागत नाही, म्हणून मी काही केलं नाही.

आज सकाळी ती कचेरीत आली. नेमकी आज.

आज कोश नव्या यंत्रावर हलवताहेत. नवं यंत्र चकचकीत आहे, आणि जागा मोजून मापून दिलेली आहे. साहेब काल म्हणाले, "जुन्या आवृत्त्या कशाला वागवायच्या? पाणी पुढे जातं, मागे नाही." आणि आवृत्त्यांची माहिती सगळ्यात जास्त मला, म्हणून काम मलाच सांगितलं. प्रत्येक पानाची शेवटची आवृत्ती ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. मागे घ्यायच्या नाहीत, पुसायच्या. पुसल्यावर इतिहास उरत नाही. सकाळी नऊ वाजता मी कामाला लागलो. अक्षरांच्या क्रमानं, एकेक पान.

सूनबाई होहोच्या टेबलापाशी उभी राहिली तेव्हा मी 'ग'वर होतो.

"मला फार काही नको," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीचं तेवढं छापून द्या. सत्तावीस ओळी आहेत. माझ्या सासऱ्यांना वाचून दाखवायच्यात. त्यांना आता काही ओळखू येत नाही. पण त्यांच्याच शब्दांत आहे हो सगळं. कदाचित ऐकलं तर..."

होहोनं तिला खुर्ची पुढे केली. मनापासून केली. "बसा ना ताई. पण आज कोश बंद आहे. सगळं नव्या यंत्रावर चाललंय. उद्या दहाला या, पहिलं काम तुमचं."

"उद्या मिळेल ना नक्की?"

मी 'घ' संपवला. 'च' सुरू केला.

"हो हो, मिळेल की. जाणार कुठे?"

ती पाठमोरी होती, तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही. पण आवाज मला ऐकू येतो. कितीतरी महिन्यांनी तो आवाज हलका झाला होता. "फार उपकार झाले," ती म्हणाली. "मग मी त्यांना आजच सांगते, उद्या तुम्हाला गंमत वाचून दाखवणार म्हणून."

ती जिना उतरत होती तेव्हा मी 'जुन्या वस्तीतले व्हॉल्व्ह' या पानावर आलो. शेवटची आवृत्ती अभियंत्याची. ती ठेवली. मग नऊ ओळींची पुसली. सोळांची पुसली. चोवीसांची पुसली. मग सगळ्यात खाली, पहिल्या दिवसाची. थांब म्हणायला मला कुणी शिकवलं नाही. जिला शिकवता आलं असतं ती दूर गावी आहे, आणि तिची चिठ्ठी कपाटामागे धुळीत आहे. मी पुसली.

पहिल्या दिवसाच्या ज्या तीन ओळी तुम्हाला मघाशी सांगितल्या, रडकी, तिरपागडी आणि म्हातारीच्या, त्या फरक काढताना पुन्हा पुन्हा वाचल्या म्हणून माझ्यापाशी राहिल्या. बाकीच्या चोवीस मलाही आठवत नाहीत.

साडेपाच वाजून गेलेत. होहो टेबल आवरतोय. मित्रांनो, माझ्यासारख्याला कामाला लावाल तेव्हा आमचा भरवसा धरू नका. आम्ही प्रामाणिक असतो, पण ते पुरत नाही. आम्ही काय टाकून दिलं ते रोज एका जित्याजागत्या माणसानं बघायला हवं, कंटाळा आला तरी. आणि घरातलं कुणी सांगायला बसलं, की ते आठवतंय तोवरच त्यांचं ऐकून घ्या.

आणखी एक मागणं आहे. ते माझ्या स्वतःसाठी समजा. ती उद्या दहा वाजता येईल. तेव्हा मी नसेन. नवं यंत्र पान उघडेल आणि त्यावर तो तक्ता असेल, बाकी काही नसेल. मग कुणीतरी तिला म्हणेल की ताई, असं काही कधी नव्हतंच, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. असं तिला म्हणू देऊ नका. तुमच्यापैकी कुणी तिथं असेल, तर तिला खरं सांगा. म्हणा, ताई, सत्तावीस ओळी होत्या. म्हाताऱ्यानं सगळं बरोबर सांगितलं होतं. आणि काल, तुम्ही जिना उतरत होता तेव्हा, त्या आम्ही पुसल्या.